‘अ मेमरी ऑफ लाइट’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द व्हील ऑफ टाइम’ या फँटसी कादंबऱ्यांच्या मालिकेच्या शेवटच्या खंडाबद्दल वाचक तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पहिल्या दहा प्रश्नांत शेवट फुटत नाही, ते बिनधास्त वाचा. अकराव्यापासून पुढे कोण मेलं, कोण वाचलं, सगळं उघड आहे. पुस्तक अजून वाचायचं असेल तर दहाव्यावर थांबा. नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

१. हे नेमकं कितवं पुस्तक? कोणी चौदावं म्हणतं, कोणी पंधरावं.

मुख्य मालिकेतलं चौदावं आणि शेवटचं. पहिला खंड, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, जानेवारी १९९० मध्ये आला आणि हा ८ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे मालिका तब्बल तेवीस वर्षं चालली. दोन्ही टॉर बुक्सचेच. पंधरा मोजणारे लोक २००४ साली आलेली ‘न्यू स्प्रिंग’ ही छोटी पूर्वकथाही धरतात. ती दहाव्या खंडानंतर वाचा किंवा सगळं संपल्यावर. घटनाक्रमाने ती आधीची असली तरी सुरुवात तिथून करू नका. मोइरेन ही बाई कोण, तिला काय हवंय, हे कळत नसण्यातच पहिल्या खंडाची निम्मी गंमत आहे.

२. मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावं का आहेत?

कारण मालिका सुरू करणारा लेखक ती संपवू शकला नाही. रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनिअर, गाव अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधलं चार्ल्सटन. त्यांना अमायलॉयडोसिस हा दुर्मिळ आजार झाला, त्यात हृदयाच्या भिंती ताठ होत गेल्या आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. अकरा खंड आणि पूर्वकथा त्यांच्या हातून पूर्ण झाली होती.

त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच मालिकेच्या संपादकही होत्या. जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसन या तेव्हा फारसं नाव नसलेल्या तरुण लेखकाने एक श्रद्धांजलीपर लेख लिहिला. तो हॅरिएटबाईंच्या वाचनात आला. मग त्यांनी त्याची एक कादंबरी मागवून वाचली आणि २००७ च्या डिसेंबरात त्याचं नाव जाहीर झालं. सँडरसन शाळकरी वयापासून या मालिकेचा वाचक होता, पण जॉर्डनशी त्याची प्रत्यक्ष ओळख नव्हती. निवड बाईंची आणि संपादनही शेवटपर्यंत त्यांचंच. ‘प्रकाशकाने कुणालातरी धरून आणलं’ हा आरोप त्यामुळे टिकत नाही.

३. यात जॉर्डनचं किती आणि सँडरसनचं किती?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आजारपणात जॉर्डन यांनी बरंच काही सांगून, बोलून ठेवलं होतं. सँडरसनच्या हाती सुमारे २०० पानांचा ऐवज आला. त्यात काही पूर्ण प्रसंग, काही अर्धे तुकडे आणि काही ठिकाणी नुसतं ‘इथे असं असं घडतं’ एवढंच होतं. शिवाय पात्रं, देश, चालीरीती यांच्या टिपणांचा वेगळा डोंगर. त्यातून वाट काढायला जॉर्डन यांच्या मदतनीस मारिया सिमन्स आणि अॅलन रोमनझुक होते. मारिया तपशिलांची सुसंगती पाहायच्या. लढाईच्या डावपेचांत अॅलन यांचा मोठा हात आहे.

शेवटचा प्रसंग जॉर्डन यांचा आहे, हे पक्कं. तो त्यांनी मृत्यूआधी लिहून ठेवला होता आणि उपसंहारात तो जवळपास जसाच्या तसा आला आहे. बाकी ठोकळमानाने असं, की नायक रँडच्या गावच्या एग्वेनच्या कथानकासाठी भरपूर सामग्री होती आणि त्याचा मित्र पेरिनसाठी फार थोडी. ब्लॅक टॉवर या जादू वापरणाऱ्या पुरुषांच्या पीठातला अँड्रॉल तर घडवला सँडरसननेच. दूरच्या जागी नेणारी जादूची दारं उघडण्याच्या त्याच्या एकाच कसबातून जे नाना उपयोग काढले आहेत, त्यात लेखकाची स्वतःची खोड लगेच ओळखू येते.

माझं मत विचाराल तर पहिल्या वाचनात हा हिशेब मांडत बसू नका. प्रत्येक परिच्छेदावर ‘हा कुणाचा?’ असा शिक्का मारत वाचणाऱ्यांना पुस्तक हाती लागत नाही. फरक मात्र आहे. सँडरसनची वाक्यं आखूड, प्रसंग झटपट बदलणारे. कपड्यांच्या किनारीवर अर्धं पान खर्च करण्याची जॉर्डनची सवय इथे दिसत नाही. रँडचा दुसरा मित्र मॅट याचा विनोद बाराव्या खंडात तर सरळ बिघडला होता. या खंडापर्यंत तो पुष्कळ सावरला आहे.

४. जॉर्डन म्हणाले होते एकच पुस्तक राहिलंय. मग तीन का झाली?

ते म्हणाले होते हे खरं. बारावा खंड शेवटचा, मग तो कितीही जाड होवो, असा त्यांचा हट्ट होता आणि ‘अ मेमरी ऑफ लाइट’ हे नाव त्या एका पुस्तकासाठीच होतं. पण उरलेलं कथानक एका बांधणीत मावणारं नव्हतं. २००९ मध्ये ‘द गॅदरिंग स्टॉर्म’, २०१० मध्ये ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’ आणि २०१३ मध्ये हे, अशी विभागणी झाली. तिन्ही मिळून साडेनऊ लाखांवर शब्द भरतात. पैशासाठी ताणलं असं म्हणणाऱ्यांनी तिन्हींची पानं एकदा एकत्र रचून पाहावीत.

याचा वाचकाच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की हा खंड स्वतंत्र कादंबरी नाही. एका प्रचंड कादंबरीचा हा शेवटचा तिसरा हिस्सा आहे. पात्रांची ओळख नाही, मागचा सारांश नाही, सुरुवातच हातघाईवर. अनेकांना तो एकसुरी वाटतो त्याचं कारणही हेच. घडणं, पिकणं, बदलणं आधीच्या दोन भागांत उरकलं आहे आणि इथे निव्वळ फेड आहे.

५. मी टीव्ही मालिका पाहिली आहे. आता थेट शेवटचं पुस्तक वाचलं तर चालेल का?

नाही. टीव्ही मालिका नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर २०२५ मध्ये बंद झाली. तिसरं पर्व मुख्यतः चौथ्या खंडावर बेतलेलं होतं. शिवाय पडद्यावर बरंच काही बदललं आहे. कुणी कधी मरतं, कुणाचं लग्न झालेलं असतं, यातसुद्धा फरक आहेत. मधले नऊ खंड गाळून चौदावा उघडलात तर रामायण संपल्यावर ‘रामाची सीता कोण’ विचारायची पाळी येईल. मालिका आवडली असेल तर पहिल्या खंडापासून वाचा.

६. आठ ते दहा हे खंड फार रेंगाळतात म्हणतात. गाळले तर?

रेंगाळतात, त्यात दुमत नाही. दहावा, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३), सगळ्यात जास्त. एकाच वेळी ठिकठिकाणची माणसं एका मोठ्या घटनेवर काय म्हणतात हे सांगण्यात त्याचा मोठा भाग जातो आणि कथा जागची हलत नाही. घाई असेल तर दहाव्याचे प्रकरणवार सारांश वाचून अकराव्यावर उडी मारा, फार नुकसान नाही. नवव्याचं शेवटचं प्रकरण मात्र गाळू नका. त्यात जे होतं त्याशिवाय शेवटच्या लढाईतला अर्धा पक्ष उभाच राहिला नसता.

७. तेरावा वाचून बरीच वर्षं झाली. निदान काय उजळणी करावी?

शक्य असेल तर बारावा आणि तेरावा पुन्हा वाचा. तेवढा वेळ नसेल तर तीन गोष्टी लक्षात आणा. एक, मॅटकडे आलेलं ते न उघडलेलं पत्र. प्रस्तावनेत मॅटचा अधिकारी टॅलमेनेस जळत्या केमलिन शहरात तोफा वाचवायला धावतो, तो त्याचाच परिणाम. दोन, रँडची मागणी आणि एग्वेनचा विरोध. डार्क वन या दुष्ट शक्तीच्या तुरुंगाचे सील फोडायचे की नाहीत यावर दोघांचं वाजलं आहे आणि मेरिलोरच्या मैदानावर सगळे त्यासाठीच जमत आहेत. तीन, ब्लॅक टॉवरमध्ये काहीतरी सडलं आहे.

तेराव्यात रँडचा बाप टॅम एकाच वेळी दोन ठिकाणी कसा, हा गोंधळही पुष्कळांना पडलेला असतो. ती चूक नाही. त्या खंडात पेरिनचं कथानक बाकीच्यांपेक्षा मागच्या काळात चालतं. चौदाव्यात सगळे एका तारखेवर येतात, निदान प्रश्न १३ पर्यंत तरी.

८. पुस्तक केवढं आहे? आणि ते सदतिसावं प्रकरण खरंच एवढं मोठं आहे का?

सुमारे साडेतीन लाख शब्द, मूळ बांधीव आवृत्तीत ९०० हून अधिक पानं. तरी मालिकेतला हा सगळ्यात लांब खंड नाही. तो मान चौथ्याचा, ‘द शॅडो रायझिंग’चा.

प्रस्तावना, ४९ प्रकरणं आणि उपसंहार अशी रचना आहे. त्यातलं ३७ वं, ‘द लास्ट बॅटल’, एकटंच ८० हजार शब्दांच्या घरात जातं. म्हणजे एखादी स्वतंत्र कादंबरीच. ते मुद्दाम तोडलेलं नाही. रणांगणावरच्या माणसाला ‘हे प्रकरण संपलं, आता दिवा मालवून झोपू’ अशी सोय नसते, तशी वाचकालाही ठेवलेली नाही. दृश्यं जसजशी पुढे जातात तसतशी आखूड होत जातात, काही तर अर्ध्या पानाची. मोकळा दिवस पाहून हे प्रकरण सुरू करा. रात्री अकराला हातात घेतलंत तर दुसऱ्या दिवशीच्या कामाचं काही खरं नाही.

९. कपाटात ओळीने लावल्यावर चौदावा वेगळा दिसतो. असं का?

आधीची अमेरिकी मुखपृष्ठं डॅरेल के. स्वीट या चित्रकाराची होती. डिसेंबर २०११ मध्ये ते वारले. या खंडासाठी त्यांची प्राथमिक चित्रं झाली होती, अंतिम चित्र मायकेल व्हेलन यांनी काढलं. दुसरी एक शंका सोबतच मिटवून टाकू. ई-पुस्तक छापील प्रतीनंतर तीन महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये आलं आणि तो निर्णय हॅरिएटबाईंचा होता. ऐकायची आवृत्ती केट रीडिंग आणि मायकेल क्रेमर या नेहमीच्याच जोडीची आहे, सुमारे ४२ तासांची.

१०. या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार मिळाला होता ना?

नाही. नामांकन होतं, तेही या खंडाला नव्हे तर अख्ख्या मालिकेला. ह्यूगोच्या नियमांनुसार क्रमशः येणारी कृती, तिचा कोणताही भाग आधी नामांकित झालेला नसेल तर, शेवटचा हप्ता आल्यावर एक कृती म्हणून धरता येते. त्यामुळे २०१४ साली चौदा खंड मिळून ‘सर्वोत्कृष्ट कादंबरी’ या गटात उतरले. पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला गेला. कादंबरी म्हणजे नेमकं काय, यावर तेव्हा बरीच भांडणं झाली आणि ती रास्तच होती.

इथून पुढे शेवट उघड आहे.

११. लढाई नेमकी किती ठिकाणी चालू आहे? मी पार हरवलो.

सुरुवातीला चार आघाड्या आहेत. अँडोरमध्ये राणी इलेन आणि सेनापती बशीर, आधी केमलिनभोवती. कँडोरच्या सीमेवर एग्वेन, व्हाइट टॉवर या जादू जाणणाऱ्या बायकांच्या पीठाची फौज आणि सेनापती गॅरेथ ब्राइन. टार्विनच्या खिंडीत योद्धा लॅन आणि सेनापती एगेलमार. आणि खुद्द शायोल गूल या डार्क वनच्या तुरुंगाच्या डोंगराच्या पायथ्याशी, रँड आत असेपर्यंत दार राखायला, सेनापती इटुराल्डे, अविएंडा आणि तिचे एइल लढवय्ये. पहिल्या तीन आघाड्या मागे रेटत रेटत शेवटी मेरिलोरच्या मैदानावर येऊन मिळतात. ३७ वं प्रकरण तिथलं. चौथी तिथेच राहते. हे नातं डोक्यात ठेवलं की नकाशा फारसा लागत नाही.

१२. चारही नामांकित सेनापती एकाच वेळी मूर्खासारखे वागायला लागतात. हे पटतं का?

ते स्वतःच्या डोक्याने वागत नसतात. डार्क वनची हस्तक ग्रेंडाल स्वप्नांच्या जगातून त्यांच्या मनात शिरते आणि हलकेच ढकलते. कुणी फितूर होत नाही, कुणी उघड घोडचूक करत नाही. एक तुकडी जरा उशिरा मागे घ्यायची, एक बगल जरा उघडी ठेवायची, बस. चांगल्या सेनापतीच्या चांगल्या योजनेला इतक्या बारीक चिरा पाडल्या, की कोसळेपर्यंत कुणाला दिसू नयेत. हा या पुस्तकातला सगळ्यात हुशार डाव, असं माझं मत आहे. जॉर्डन स्वतः व्हिएतनामला दोनदा जाऊन आलेले होते. हुकूम देणारा माणूस थकला की काय होतं, याची जाण मालिकेत पहिल्यापासून आहे.

लक्षात आल्यावरचे प्रसंगही पाहा. एगेलमार स्वतःचा जीव घ्यायला निघतो आणि लॅन त्याला अडवतो. इटुराल्डेला एलायास लांडग्यांच्या मदतीने अक्षरशः उचलून नेतो. त्यानंतर सगळी सूत्रं मॅटकडे येतात, कारण त्याच्या गळ्यातल्या पदकामुळे त्याच्यावर जादू चालत नाही आणि पुढची चाल तो स्वतःलाही आदल्या क्षणापर्यंत सांगत नाही.

१३. बाहेर दिवसच्या दिवस लढाई चालते आणि रँड आत जेमतेम तासभर असतो. हिशेब कसा लागतो?

डार्क वनच्या तुरुंगाला जिथे भोक पडलं आहे, त्याच्या जवळ काळ संथ होतो. जितकं आत जाल तितका जास्त. पायथ्याशी थोडा फरक, गुहेच्या तोंडाशी मोठा आणि रँड उभा आहे तिथे काळाचा काही अर्थच उरत नाही. पेरिन आतबाहेर करतो तेव्हा हे ठळक दिसतं. म्हणूनच रँडच्या दोन वाक्यांच्या मध्ये मेरिलोरवर हजारो माणसं पडलेली असू शकतात.

१४. डेमँड्रेड एवढी मोठी फौज घेऊन कुठून उगवला?

शाराहून. पूर्वेकडच्या या बंदिस्त देशाचा उल्लेख मालिकेत अधूनमधून येतो, पण कथा तिथे कधी पाऊल ठेवत नाही. डार्क वनचा सेनानी असलेल्या डेमँड्रेडने तिथल्या भाकितांतला त्राता म्हणून स्वतःला उभं केलं होतं. तो प्रवास सांगणारी प्रकरणं सँडरसनने लिहिली होती, पण खंडातून काढली गेली आणि ‘रिव्हर ऑफ सोल्स’ या नावाने २०१३ मध्येच एका कथासंग्रहात आली.

काढायला नको होती, असं मला वाटतं. वर्षानुवर्षं ‘तो कुणाच्या वेषात लपला आहे’ यावर वाचकांनी डोकेफोड केली होती आणि उत्तर आलं ते कँडोरच्या डोंगरावर फौजेसकट. वाईट नाही, पण पेरणी कमी पडली. त्याचा शेवट मात्र चोख आहे. एग्वेनचा नवरा गॉविन मरतो, त्याचा सावत्र भाऊ गॅलड हात गमावतो, ब्लॅक टॉवरच्या लोगेनला माघार घ्यावी लागते आणि लॅन येतो. ‘तलवार म्यान करणं’, म्हणजे शत्रूचं पातं स्वतःच्या अंगात घेऊन त्याला मारणं, हे लॅननेच दुसऱ्या खंडात रँडला सांगितलं होतं. बारा खंडांनी तो स्वतः ते करतो. आणि जगतो, जे फार थोड्या लोकांच्या अपेक्षेत होतं.

१५. रँडने डार्क वनला मारून का टाकलं नाही? हातात आला होता.

आत होणारी लढाई तलवारीची नाही. दोघं एकमेकांपुढे शक्य असलेली जगं उभी करतात. डार्क वन उद्ध्वस्त जग दाखवतो. मग त्याहून भयंकर असं एक, जिथे सगळं नेहमीसारखं चालू आहे, फक्त कुणालाच सदसद्विवेक उरलेला नाही. रँड उत्तर म्हणून डार्क वनच नसलेलं जग विणतो. तिथे इलेन भेटते. सुखी आहे, हसते आहे. पण तिच्या डोळ्यांत पाहिल्यावर त्याला तोच रिकामेपणा दिसतो, जो जबरदस्तीने सावलीकडे, म्हणजे डार्क वनच्या बाजूला, वळवलेल्या माणसांच्या नजरेत असतो. वाईट निवडताच येत नसेल तर चांगलं वागणं ही त्या माणसाची करणी उरत नाही. म्हणून तो मारत नाही, कोंडतो.

काहींना हे तत्त्वज्ञान जुनंच वाटतं. विचार जुना आहेच. माझ्या लेखी त्याची किंमत आहे ती त्याच्या आधीच्या पानांमुळे. एग्वेन गेल्याचं कळल्यावर रँड कोसळतो, मेलेल्यांची यादी पुन्हा मोजायला लागतो, आणि मग त्याला उमगतं, की त्या माणसांनी स्वतःहून निवडलेलं मरण आपल्या खात्यावर लिहून घेणं हाही अहंकारच. पुढचा निर्णय तिथून येतो.

१६. मग तुरुंग शेवटी बंद कसा झाला? ती कॅलँडोरची भानगड समजली नाही.

कॅलँडोर या स्फटिकी तलवारीत खोट होती. ती एकट्याने वापरणाऱ्या पुरुषाचा ताबा दुसरे घेऊ शकतात. शिवाय ती ट्रू पॉवर, म्हणजे डार्क वनची स्वतःची शक्तीसुद्धा वाढवते. रँडने हाच गळ टाकला. डार्क वनचा हस्तक मोरिडिन याने तलवार हिसकावून त्या शक्तीने ती वापरायला घेतली आणि तोच फसला. मोइरेन, नायनीव्ह आणि रँड यांनी त्याच्यावर ताबा मिळवला. ट्रू पॉवरचं कवच असल्यामुळे साइदिन आणि साइदार (जादूच्या शक्तीचे पुरुषांचे आणि बायकांचे अर्धे भाग) डार्क वनच्या स्पर्शाने विटाळले नाहीत. युगापूर्वी ल्यूज थेरिन, म्हणजे पूर्वजन्मीचा रँड, याच ठिकाणी चुकला होता, कारण त्याच्याकडे अर्धीच शक्ती होती आणि कवच नव्हतंच. यावेळी ठिगळ लावलेलं नाही, भिंत मुळातच पुन्हा अखंड केली आहे.

१७. शेवटी रँड जिवंत आहे की मेला? आणि तो कुणाच्या शरीरात आहे?

जिवंत आहे, मोरिडिनच्या शरीरात. चितेवर जळतं ते रँडचं शरीर, आत मरणारा आत्मा मोरिडिनचा. ज्याला कायमचं संपायचं होतं त्याला मरण मिळालं आणि ज्याला जगायचं होतं त्याला धड शरीर. दोघांची गाठ पडली ती सातव्या खंडात, शादार लोगोथ या शापित शहरात, जेव्हा दोघांच्या बेलफायरचे, म्हणजे अस्तित्वच पुसून टाकणाऱ्या आगीचे, झोत एकमेकांना छेदून गेले. एकाची जखम दुसऱ्याला जाणवणं, एकमेकांच्या स्वप्नांत भेटणं, हे सगळे धागे तिथून येतात. रँडने एक हात आधीच गमावला होता, पण उपसंहारात तो उठतो तेव्हा त्याला दोन्ही हात आहेत. घाईत वाचणाऱ्यांकडून नेमकं हेच निसटतं.

हे कळलंय ते मिन, इलेन आणि अविएंडा या त्याच्या तिघी प्रेयसींना, कारण त्याच्याशी असलेला जादूचा बंध तुटलेला नाही. चितेपाशी त्या तिघी पुरेशा रडत नाहीत हे कॅडस्वेन या व्हाइट टॉवरच्या म्हाताऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नाही आणि घोड्यावरून निघून जाणारा माणूस तिला बरोबर दिसतो.

१८. त्याने पाइप कसा पेटवला? त्याची शक्ती तर गेली होती.

पुस्तक उत्तर देत नाही आणि हा प्रसंग जॉर्डनचा असल्यामुळे (प्रश्न ३) सँडरसननेही त्यावर आपली पुस्ती जोडलेली नाही. घडतं एवढंच, की काडी नाही, वन पॉवर हाताला लागत नाही, तो पाइप पेटलेला आहे असा विचार करतो आणि पाइप पेटतो. सर्वाधिक मानला जाणारा अंदाज असा, की तुरुंगाजवळ जगाचे धागे स्वतः विणून आल्यावर (प्रश्न १५) ते कसब त्याच्यात राहिलं. मला हा अंदाज पुरेसा वाटतो. याहून पक्कं स्पष्टीकरण आलं असतं तर मजा गेली असती.

१९. अलिव्हिया रँडला मरायला मदत करेल असं मिनला दिसलं होतं. ते खोटं ठरलं ना?

खरं ठरलं. तिने कपडे, पैसे आणि घोडा तयार ठेवला. जगासाठी ‘मरायला’ तेवढंच लागत होतं. मिनची दर्शनं चुकत नाहीत, वाचणाऱ्याचा अर्थ चुकतो.

२०. एग्वेनला मारणं गरजेचं होतं का?

होतं, आणि मी हे तिच्या बाजूने म्हणतो. ब्लॅक टॉवरचा फितूर प्रमुख मॅझ्रिम टाइम बेलफायर वापरत सुटला आहे, त्याने जगाचं विणकामच उसवतं आहे, आणि बेलफायरवर उतारा कुणाला ठाऊक नाही. ती तो तिथल्या तिथे शोधते. गॉविन गेल्याचा घाव ताजा असताना, पेलवेल त्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती ओढते आणि उसवलेलं जागच्या जागी गोठवते. त्याआधी आपली रक्षक लेलविन हिला जादूच्या बंधातून मोकळं करते, कारण आपल्यामागे ती वेडी होऊ नये. मरणाच्या दारात दुसऱ्याची ही काळजी घेणारी बाई, हेच तिचं पूर्ण चित्र. गावच्या खानावळवाल्याची मुलगी ते अमर्लिन, म्हणजे व्हाइट टॉवरची प्रमुख, हा प्रवास मालिकेत रँडइतकाच लांब आहे आणि शेवट त्याच्याहून जास्त स्पष्ट.

२१. शिंग मॅटने का फुंकलं नाही?

मॅट मधल्या काळात एकदा मेला होता, त्यामुळे मेलेल्या वीरांना बोलावणाऱ्या या शिंगाशी त्याचं नातं तुटलं. ते ऑलव्हर या पोराने फुंकलं. त्याला तिथवर पोचवणारी घोडी बेला, पहिल्या खंडात दोन नद्यांच्या गावातून निघालेली तीच. ती ट्रॉलॉक राक्षसांच्या बाणांनी पडते. सेनापती गेले तेव्हा न रडलेले वाचक बेलासाठी रडल्याचं कळवतात.

२२. पदान फेनला एवढ्या झटपट का गुंडाळलं?

याला बचाव नाही. पहिल्या खंडापासून पिच्छा पुरवणारा माणूस शेवटी धुकं होऊन येतो आणि मॅट दोन-तीन पानांत त्याला खंजिराने संपवतो. एकदा झालेला आजार पुन्हा होत नाही (मॅटला त्या खंजिराची बाधा आधीच होऊन गेली होती) ही कल्पना छान आहे, पण तिला जागा मिळाली नाही. मोइरेनचंही तसंच. तिला तेराव्यात एवढ्या खटपटीने परत आणलं आणि मेरिलोरवरचा एक अप्रतिम प्रसंग सोडला तर ती गुहेत उभीच राहते.

२३. शायोल गूलबाहेर रँडला भेटणारी ती एइल बाई कोण?

तेराव्यात अविएंडाला भेटलेली नाकोमी, असं बहुतेक वाचक मानतात. या खंडात तिचं नाव येत नाही. ती रँडला फक्त ‘हेच करायला हवं’ अशा अर्थाचं काही बोलते आणि नाहीशी होते.

२४. मॅट आणि टुऑनचं पुढे काय? शॉनचान गुलामगिरी संपली का? पंधरावा खंड येणार आहे का?

पंधरावा खंड नाही. जॉर्डन यांच्या मनात मॅट आणि त्याची बायको, शॉनचान साम्राज्याची सम्राज्ञी टुऑन, यांच्यावर आणखी तीन कादंबऱ्या होत्या, शिवाय दोन पूर्वकथा. पण त्यांची टिपणं जवळपास नाहीतच, नुसती एक-दोन वाक्यं. एवढ्या भांडवलावर लिहिलं तर ते जॉर्डनचं राहणार नाही, म्हणून सँडरसनने नकार दिला. गुलामगिरीचा प्रश्न त्यामुळे खरोखरच अधांतरी आहे. टुऑन गरोदर आहे, तह झालेला आहे, आणि गळ्यात पट्टे घालून गुलाम केलेल्या जादू जाणणाऱ्या बायका अजून तशाच आहेत. हा काही चतुर मोकळा शेवट नव्हे, जे लिहायचं होतं ते लिहायला माणूस राहिला नाही.

तपशिलांची भूक असेल तर २०१५ साली आलेला ‘द व्हील ऑफ टाइम कंपॅनियन’ हा कोश आहे. हॅरिएटबाई, मारिया आणि अॅलन यांनी तो जॉर्डनच्या टिपणांवरून केला. मूळ कागदपत्रं चार्ल्सटनच्या कॉलेज ऑफ चार्ल्सटनमध्ये जतन केलेली आहेत.